प्रयोगशाळेचा उंबरठा

अमका डॉक्टर झाला, असे आमच्या चांदूर बाजारात कोणी सांगितले की पहिला प्रश्न येतो, "दवाखाना कोठे काढणार?" दवाखाना नव्हे, तो रसायनशास्त्रातला डॉक्टर आहे, असे कळल्यावर विचारणाऱ्याचा चेहरा थोडा उतरतो. नाडी पाहता येत नाही, औषध देता येत नाही, मग पाच-सहा वर्षे घालविली तरी कशात? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पोटाला चिमटा घेऊन ज्या घराने मुलाला किंवा मुलीला शिकविले, त्या घराला तो विचारण्याचा पुरा हक्क आहे. या पदवीपर्यंत आपली माणसे कशी पोहोचली आणि वाटेत त्यांना कोणी अडविले, हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर नीट देता येणार नाही, असे आम्हांस वाटते.

पीएच.डी. ही परीक्षा नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. परीक्षेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर निदान परीक्षकाला तरी ठाऊक असते. येथे जो प्रश्न घ्यावयाचा त्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नसते. ते शोधावयाचे, शोधताना काय केले ते प्रबंधात लिहावयाचे, आणि त्या विषयातल्या जाणत्यांसमोर उभे राहून त्याचे समर्थन करावयाचे. सुतारकाम जसे सुताराच्या हाताखाली शिकतात तसे हे काम मार्गदर्शकाच्या हाताखाली शिकावे लागते. विज्ञानात तर मार्गदर्शकाखेरीज प्रयोगशाळाही लागते, आणि प्रयोगशाळेला दार असते. ते दार कोणी उघडावयाचे, हा या पदवीच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

डॉक्टर ही पदवी युरोपात जुनीच. परंतु स्वतंत्र संशोधन करून मिळवावयाची पदवी हे तिचे आजचे रूप जर्मनीत घडले. १८१० साली बर्लिनचे विद्यापीठ निघाले. अध्यापकाने शिकवावे आणि शोधही करावा, हे दोन्ही एकाच छपराखाली चालावे, ही कल्पना तेथे रुजली. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ साली पहिल्या पीएच.डी. दिल्या. इंग्लंड मात्र बरीच वर्षे स्वस्थ बसले होते. परदेशी विद्यार्थी जर्मनीकडे जातात हे डोळ्यांत सलू लागले तेव्हा ऑक्सफर्डने १९१७ साली ही पदवी सुरू केली आणि केंब्रिजने तिच्या पाठोपाठ. म्हणजे ज्या इंग्रजी विद्यापीठांचा आपल्याकडे एवढा दरारा, त्यांनाही ही पदवी माहीत होऊन शंभर-सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटलेला नाही.

त्या काळी आमचा वऱ्हाड कोठे होता? उच्च शिक्षणासाठी मुंबई-पुण्याची, नाहीतर नागपूरची वाट धरावी लागे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे मुंबईत शिकले आणि वकील झाले. त्या पिढीत हुशार मुलाने वकील व्हावे हीच घरादाराची आकांक्षा असे, आणि वकिलीनेच येथले सार्वजनिक जीवन उभे केले, हेही खरे. नागपूरच्या महाविद्यालयांचे परीक्षक प्रथम कलकत्त्याचे आणि पुढे अलाहाबादचे. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघाले. तेच पुढे विदर्भ महाविद्यालय झाले. येथे ज्ञानाची तहान नव्हती असे मात्र कोणी म्हणू नये. आमच्याच तालुक्यातले माधानचे गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गेलेली असताना इतरांकडून ग्रंथ वाचवून घेत आणि आपले ग्रंथ सांगून लिहवीत. १९१५ साली, ऐन चौतिशीत, ते गेले. पापळचे भाऊसाहेब, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख, विलायतेस जाऊन ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन आले. त्यांचा विषय वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास असा होता. ज्या गृहस्थाने पुढे देशाचे कृषिखाते सांभाळले, आणि ज्याच्या नावाने अकोल्याचे कृषी विद्यापीठ चालते, त्याचा प्रबंध वेदांवर असावा हे ऐकून काहींना नवल वाटते. आम्हांला वाटत नाही. वेदांचा अभ्यास ग्रंथालयात बसून होतो, आणि ग्रंथालयाचे दार प्रयोगशाळेच्या दारापेक्षा नेहमीच थोडे लवकर उघडले आहे.

विज्ञानातल्या आचार्यांकडे वळताना मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांचे नाव प्रथम घ्यावे लागते. ते कलकत्ता विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. अधिक अभ्यासासाठी जर्मनीत गेले आणि पहिल्या महायुद्धात सापडले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून जर्मनांनी त्यांना स्थानबद्ध केले. ज्या राज्याचे आपण गुलाम, त्याचेच नागरिक म्हणून शत्रूने कैदेत टाकावे, असा हा प्रकार! तरी गृहस्थ डगमगले नाहीत. वायव्य हिंदुस्थानातील कोरड्या प्रदेशांतील वनस्पतींचा प्रसार कसा होतो, या विषयावर बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच ते परतले. १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी निघाली ती त्यांच्याच खटपटीने. तिच्या संशोधनसंस्थेला आज त्यांचे नाव आहे.

इरावतीबाई कर्वे त्याच बर्लिनला १९२८ साली गेल्या. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून त्या आपल्या घरोघरी ठाऊक आहेत. परंतु त्यांचा प्रबंध माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतील विषमतेवर होता, हे थोड्यांना माहीत असते. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेचे पुरस्कर्ते. पुढे नाझी राजवटीत त्यांच्या मतांना काय फळे आली ते जग जाणते. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण निराळी असून तिचा बुद्धीशी संबंध आहे, असे मोजमापांतून निघावे ही गुरूंची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि असा वंशभेद आढळत नाही असे लिहून दिले. परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्याच्या हाती त्याच्याच मताविरुद्ध लिहावयाचे, याला काय लागते ते श्रोत्यांनीच ताडावे. एवढे मात्र नोंदवू की पदवी त्यांना मिळाली. मत पटले नाही तरी मोजमाप नाकारता येत नाही, ही या शिस्तीची जमेची बाजू आहे.

आता आम्ही ज्या कथेसाठी ही प्रस्तावना केली तिच्याकडे येतो. कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत, यांचा जन्म १९११ साली इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि बंगलोरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी. त्यामुळे आपणही बंगलोरला जाऊन संशोधन करावयाचे हे मुलीने मनाशी ठरवून टाकलेले. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. रसायनशास्त्रात पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी बंगलोरला अर्ज धाडला.

अर्ज नामंजूर झाला. कारण गुणांचे नव्हते. अर्जदार स्त्री आहे एवढेच कारण होते. संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन. तीनच वर्षांपूर्वी नोबेल पारितोषिक मिळालेले, साऱ्या देशाचा अभिमान. वडिलांची शिष्टाई कामी आली नाही. तेव्हा बावीस वर्षांच्या या मुलीने स्वतः बंगलोर गाठले, नकाराचे कारण विचारले, आणि प्रवेश मिळेपर्यंत आपण येथून हलणार नाही, सत्याग्रह करू, असे सांगितले. दांडीयात्रेला तीन वर्षे झालेली होती; सत्याग्रह हा शब्द त्या पिढीच्या तोंडी होता. परंतु तो सरकारविरुद्ध करावयाचा. राष्ट्राचा गौरव असलेल्या शास्त्रज्ञाच्या कचेरीत करण्याची कल्पना त्या काळात फारशी कोणाला सुचली नसेल.

रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्षभर त्यांना रीतसर विद्यार्थिनी मानले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागेल. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये. या तिसऱ्या अटीवर आम्ही थोडे थांबू इच्छितो. पहिल्या दोन अटी कठोर असल्या तरी अर्जदाराच्या कामाविषयी आहेत. तिसरी अट दुसऱ्यांच्या मनाविषयी आहे, आणि तिची जबाबदारी हिच्या शिरावर. अशी अट पाळली गेली की नाही हे ठरवावयाचे कोणी आणि कशावरून? आमच्या खेड्यांत विहिरीवर पाणी भरणाऱ्या सुनेला जे सांगत, तेच येथे विज्ञानमंदिरात सांगितले गेले, फक्त भाषा इंग्रजी होती. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. हा अपमान त्या विसरल्या नाहीत. पुढे उतारवयातही, रामन थोर शास्त्रज्ञ खरे, परंतु या बाबतीत त्यांचे मन संकुचित होते, अशा आशयाचे त्या स्पष्ट बोलत.

दारात असा अनुभव आला, पण आत गुरू चांगला भेटला. श्रीनिवासय्या नावाचे मार्गदर्शक कडक, परंतु मन लावून शिकविणारे. दूध, कडधान्ये, शेंगावर्गीय धान्ये यांतील प्रथिनांवर काम झाले आणि १९३६ साली मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. विशेष प्राविण्यासह मिळाली. रामनांचेही मत पालटले. संस्थेत त्यानंतर मुलींना प्रवेश मिळू लागला. एका व्यक्तीचे मन वळविण्यात एका मुलीचे एक वर्ष गेले, असा हिशेब.

पुढे केंब्रिज. तेथे पोहोचल्यावर प्रथम डॉ. रिक्टर यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली. अशी हकीकत सांगतात की जे टेबल रिक्टर रात्री निजण्यास वापरीत, तेच दिवसा बाईंना कामास मिळाले. खरी असो वा रंगविलेली, जागेची अडचण माणसे कशी सोडवितात हे तीतून कळते. नंतर त्यांनी रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या श्वसनावर काम केले. हा विषय सोपा करून सांगतो. आपण खातो ते अन्न शरीरात सावकाश जळते. चुलीसारखा भडका न उडता, टप्प्याटप्प्याने. या जळण्यात प्राणवायूपर्यंतची देवघेव करणारी काही रंगीत द्रव्ये व विकरे प्रत्येक पेशीत असतात. त्यांपैकी एक सायटोक्रोम. प्राण्यांच्या शरीरातली ही यंत्रणा बरीच अभ्यासली गेली होती. बटाट्यासारख्या वनस्पतीच्या पेशीतही तीच यंत्रणा चालते, हे दाखविण्याचे काम या दोघांनी केले. १९३९ साली 'नेचर' नियतकालिकात दोघांच्या नावे त्याचे टिपण आले. बटाटा काय आणि माणूस काय, श्वास घेण्याची रीत मुळात एक, हे तात्पर्य एखाद्या कीर्तनकाराला आवडण्यासारखे आहे. परंतु ते टाळ-मृदंगाशिवाय, बटाटा किसून, गाळून आणि मोजून काढलेले आहे.

केंब्रिजचे काम सुमारे चौदा महिन्यांत आटोपले. टंकलिखित प्रबंध भरला जेमतेम चाळीस पृष्ठांचा. हल्ली बाइंडरकडून सोनेरी अक्षरांत बांधून आणलेले तीन-तीनशे पानांचे ग्रंथ आम्ही पाहतो, आणि त्यांत आधीच्या लोकांनी काय म्हटले याचीच दोनशे पाने असतात. पृष्ठसंख्या हा परिश्रमाचा पुरावा मानण्याची खोड आपल्याला केव्हा लागली कोण जाणे!

१९३९ साली कमलाबाईंना पीएच.डी. मिळाली. तेथेही गोष्ट सरळ नव्हती. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी आणि विद्यापीठाचे सभासदत्व दिले ते १९४८ साली. तोवर स्त्रियांना मिळे ती पदवीची नुसती उपाधी. म्हणजे बंगलोरने दारातच अडविले, तर केंब्रिजने आत घेतले, टेबल दिले, गुरू दिला, आणि पंक्तीत पाट मात्र थोडा बाजूला मांडला. इंग्रजांच्या उदारपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे साल ध्यानात ठेवावे.

विज्ञानातील पीएच.डी. मिळविणारी पहिली भारतीय स्त्री, असे कमलाबाईंचे वर्णन सर्वत्र आढळते. या "पहिल्या"च्या पाटीविषयी इतिहासाच्या अभ्यासकाने जरा जपून बोलावे. इरावतीबाईंची बर्लिनची डॉक्टरेट आधीची आहे. मानवशास्त्राला विज्ञान मानले तर हिशेब बदलतो. केरळच्या जानकी अम्माळ यांना १९३१ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट दिली, ती डी.एस्सी. म्हणून निराळी मोजावी की नाही? भारतातल्याच विद्यापीठाची विज्ञानातली डॉक्टरेट घेणाऱ्यांत १९४४ साली कलकत्त्याच्या आसिमा चटर्जी येतात. आम्हांला विचाराल तर पहिली कोण यापेक्षा दुसरी, तिसरी आणि चौथी यांना दार उघडे मिळाले काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा.

त्या दृष्टीने अण्णा मणी यांची हकीकत कमलाबाईंच्या शेजारी ठेवून वाचावी. त्रावणकोरची ही मुलगी १९४० साली बंगलोरला आली, आणि तिला प्रयोगशाळेत घेतले ते प्रत्यक्ष रामन यांनी. हिरे आणि माणके यांतून निघणाऱ्या प्रकाशाचा तिने पाच वर्षे अभ्यास केला, शोधनिबंध लिहिले, आणि १९४५ साली प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे धाडला. विद्यापीठाने पदवी नाकारली. का? तर तिच्याजवळ बी.एस्सी. ऑनर्स होती, एम.एस्सी. नव्हती. म्हणजे कमलाबाईंच्या वेळी नियम आड येत नव्हता, माणूस आड आला. अण्णा मणींच्या वेळी माणसाने दार उघडले आणि नियमाने लावून घेतले. पुढे त्या हवामानखात्यात गेल्या. पुण्याच्या कचेरीत त्यांनी हवामान मोजण्याची उपकरणे देशातच घडविण्याचे काम केले आणि खात्याच्या उपमहासंचालक झाल्या. आपल्या पावसाच्या नोंदी ज्या यंत्रांनी होऊ लागल्या, त्यांच्यामागे पदवी नाकारलेली एक डॉक्टर होती. तो प्रबंध आजही बंगलोरला रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे.

कमलाबाई १९३९ साली परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज कॉलेज, नंतर कुन्नूरची पोषणविषयक प्रयोगशाळा, आणि १९४७ साली विवाहानंतर मुंबईची विज्ञानसंस्था, अशी त्यांची वाटचाल झाली. मुंबईत त्यांनी जे विषय विद्यार्थ्यांना दिले ते पाहण्यासारखे आहेत: नीरा, डाळी व कडधान्ये, भाताचे पीठ. म्हणजे गरिबाच्या ताटातले पदार्थ. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचे पचन अडविणारी द्रव्ये असतात आणि शिजविल्याने त्यांचा जोर पुष्कळसा नाहीसा होतो, या विषयावर त्यांच्या प्रयोगशाळेत बरेच काम झाले. डाळ नीट शिजू दे, असे आमच्या आजीबाई म्हणत. त्या कशामुळे खऱ्या होत्या हे या मंडळींनी मोजून सांगितले. नीरेवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपतिपदक मिळाले. त्याच संस्थेच्या त्या संचालक झाल्या, परंतु हक्काच्या मानाने उशिरा. १९९८ साली दिल्लीत त्यांचा सत्कार चालू असतानाच त्या कोसळल्या आणि लवकरच निवर्तल्या.

आता आपल्या गावाकडे येऊ. १ मे १९८३ रोजी अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ झाले. पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. ज्या पदवीसाठी आघारकरांना बर्लिन आणि कमलाबाईंना केंब्रिज गाठावे लागले, तिचे विद्यापीठ चांदूर बाजारपासून आज चाळीसेक किलोमीटरवर, सकाळच्या एस.टी.ने जाऊन संध्याकाळी परतण्याच्या अंतरावर आहे. अटी आता संचालकाच्या तोंडी नाहीत, छापील आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालच्या नियमांप्रमाणे प्रवेश परीक्षेच्या मार्गाने मिळतो. मुदत किमान तीन वर्षे. स्त्रियांना ठरलेल्या मुदतीवर दोन वर्षांची जादा सवलत आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ सालापासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थाही आपापल्या समाजघटकांतील संशोधकांना साहाय्य करतात. कमलाबाईंच्या काळाशी ताडून पाहता हा पल्ला लहान नव्हे.

तरीही मार्गदर्शकाचा प्रश्न उरतोच. त्याच नियमांप्रमाणे एका प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि साहाय्यक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. मर्यादा योग्य आहे. गुरूने शिष्याकडे लक्ष द्यावयाचे तर ती हवीच. परंतु अध्यापकांची पदे भरलीच नाहीत तर मार्गदर्शक कोठून येणार? परीक्षा उत्तीर्ण होऊनही मुलगी दारोदार विचारीत फिरते, "सर, आपल्याकडे जागा आहे का?" आणि येथे पुन्हा एका माणसाच्या होकारावर सारे अवलंबून राहते. या शोधात मुलगे अमरावती, नागपूर, पुणे पालथे घालू शकतात. मुलीला प्रत्येक खेपेस घरी उत्तर द्यावे लागते, कोठे चाललीस, मुक्काम कोणाकडे, आणि लग्नाचे काय?

विषयांचा तोटा मात्र आमच्या तालुक्यात नाही. संत्र्याच्या बागांत डिंक्या पडतो, धरलेला आंबिया बहार गळतो, आणि शेजारची बाग तशीच राहून एकच बाग का वाळते, हे बागाईतदार वर्षानुवर्षे विचारीत आला आहे. नागपूरला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधनसंस्था आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे. तेथे काम चालते. पण एका विशिष्ट मातीतला, एका विशिष्ट विहिरीच्या पाण्यावरचा प्रश्न ज्याने लहानपणापासून पाहिला, तो जेव्हा संशोधक होतो तेव्हा त्याच्या हाती पुस्तकात नसलेली माहिती असते.

जागा किती, कोणत्या विषयात, हे प्रवेशापूर्वी जाहीर करण्याचे बंधन विद्यापीठांवर आहे, आणि ती माहिती त्यांच्या संकेतस्थळावर येते. ती शोधून, छापून, दरवर्षी आपल्या गावातील महाविद्यालयाच्या फलकावर आणि वाचनालयात लावण्याचे काम या व्याख्यानमालेच्या मंडळाने अंगावर घ्यावे, अशी सूचना आम्ही येथे करून ठेवतो. खर्च कागदाचा.